जुन्या डेस्कटॉपवर काय टाकायचं? (सोसायटी ग्रुप)

सी-२०१: नमस्कार मंडळी. घरच्या डेस्कटॉपवर विंडोज १० आहे. आय-३, चौथी जनरेशन, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. दुकानदार म्हणतो, ५०० रुपयांत विंडोज ११ आणि ऑफिस टाकून देतो. घ्यावं का टाकून? काम म्हणजे पत्रं, बँक, फोटो, व्हिडिओ. सोसायटीची जुनी इतिवृत्तंही त्यावरच आहेत.

ए-५०३: काका, मुळीच नको. ५०० रुपयांत मिळतं ते चोरीचं. ते चालू करणारा ॲक्टिव्हेटर आधी अँटीव्हायरस बंद करायला लावतो, आणि त्याच मशीनवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकणार. शिवाय विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. जबरदस्तीने बसवता येतं, पण पुढे अपडेट मिळतीलच असं नाही. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले.

ए-५०३: पैसे घालायचेच तर २५६ जीबीची साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, तिच्याहून वेगवान डिस्क) आणि डीडीआर-३ ची ४ जीबीची एक रॅम घाला. मशीन रखडतं ते मुख्यतः जुन्या हार्ड डिस्कमुळे. त्यावर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम) ची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाका. तिला २ जीबी रॅम किमान, ४ असेल तर बरं. फायरफॉक्स (ब्राउझर) आणि लिब्रेऑफिस (मोफत ऑफिस) सोबतच येतात.

ए-३०२: मिंट टाकलं आणि नाही जमलं तर?

ए-५०३: टाकायच्या आधीच बघता येतं. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या (त्यावरचं सगळं पुसलं जाईल). रुफस किंवा बलेनाएचर या मोफत साधनाने मिंटची आयएसओ फाइल (इन्स्टॉलची फाइल) त्यावर चढवा, मशीन चालू होताना बूट मेनूची की दाबा. डेल-लेनोव्होला बहुधा एफ१२, एचपीला एफ९. मिंट पेनड्राइव्हवरूनच चालतं. 'इन्स्टॉल' दाबेपर्यंत डिस्कवर काही लिहिलं जात नाही. तेवढ्यात वायफाय, आवाज, वेबकॅम आणि प्रिंटर तपासा. बहुतेकांचं घोडं प्रिंटरवर अडतं. एचपी लेझरजेट १०२० ला एचपीलिप या लिनक्सवरच्या एचपी ड्रायव्हरचा प्लगइन वेगळा उतरवावा लागतो. कॅनन एलबीपी २९०० सारख्या कॅप्ट ड्रायव्हरच्या प्रिंटरला लिनक्सवर बरीच खटपट पडते. घरात तोच असेल तर आधी त्याचा विचार करा.

सी-४०४: आणखी एक. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) किंवा डीएससीचा (डिजिटल सहीचा) यूएसबी टोकन वापरणाऱ्यांनी त्या कामासाठी विंडोजच ठेवावं. टॅली लिनक्ससाठी निघत नाही, आणि सरकारी पोर्टलच्या सह्यांची साधनं बहुतांशी विंडोज धरूनच बनवलेली असतात. घरखर्चाच्या हिशेबाला ग्नूकॅश छान आहे, डबल एन्ट्री नीट करतं. मेन्टेनन्सच्या बिलांना मात्र लिब्रेऑफिस कॅल्कची साधी शीट बरी. जुन्या एक्सेल शीटमध्ये मॅक्रो असतील तर ते कॅल्कमध्ये चालवून बघा, सगळे चालत नाहीत.

ए-५०३: विंडोज आणि मिंट दोन्ही ठेवायची असतील तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप (झटपट चालू होण्याची सोय) बंद करा, नाहीतर विंडोजच्या ड्राइव्हवर मिंटला लिहिता येत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. आणि मिंटमधून विंडोजमध्ये परत गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. मिंट मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. विंडोजमध्ये वेळ 'सिंक' केली की जागेवर येते.

बी-१०२: काका, थांबा. फॉरमॅट करायच्या आधी माझं ऐका. इतिवृत्तं कोणत्या फाँटमध्ये आहेत?

सी-२०१: बरीचशी डीव्हीटीटी सुरेखमध्ये, काही श्रीलिपीत.

बी-१०२: मग हे काम सगळ्यात आधी. हे फाँट युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नाहीत. फाइलमध्ये खरं तर इंग्रजी चिन्हंच साठवलेली असतात, फाँट त्यांना मराठीचा वेश चढवतो. फाँट गेला की नुसतं गिचमिड उरतं, आणि फाँट बदलून मंगल हा युनिकोड फाँट लावलं तरी मराठी उमटत नाही. म्हणून जुना संगणक चालू आहे तोवर प्रत्येक फाइलची पीडीएफ करून ठेवा, ती कुठेही वाचता येईल. मग मूळ मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये घ्या आणि पीडीएफशी ताडून बघा. चुका ठरावीक जागी होतात: रफार, पहिली वेलांटी, जोडाक्षरं, आणि 'दुसऱ्या'मधला ऱ्य. हा ऱ्य दोन पद्धतींनी साठवला जातो, दिसतो सारखाच, पण 'दुसऱ्या' शोधलं तर एकच सापडतो. शोधा-बदला वापरून सगळे एकसारखे करून घ्या. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमध्ये ऱ शिफ्ट-जे वर आहे.

बी-१०२: लिब्रेऑफिसमध्ये पर्यायांतल्या भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' (देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) चालू करून मराठी निवडा. स्टाइलमध्ये इंग्रजीचा फाँट आणि देवनागरीचा फाँट वेगवेगळे असतात. नुसता इंग्रजीचा बदलला तर मराठी मजकूर ढिम्म हलत नाही, आणि लोक म्हणतात सॉफ्टवेअर बिघडलंय. फाँट मोफत हवा तर मुंबईच्या 'एक टाइप' संस्थेचा 'मुक्त' किंवा 'तिरो देवनागरी मराठी' घ्या. तिरोत ल आणि श आपल्या मराठी वळणाचे आहेत. पत्र बाहेर पाठवताना पीडीएफच पाठवा.

ए-३०२: मिंटवर फोनेटिक टायपिंग आहे का?

बी-१०२: कीबोर्डच्या लेआउटमध्ये 'मराठी, कागपा फोनेटिक' जोडा. इनस्क्रिप्टही आहे.

सी-४०४: आधार-पॅनचे कागद जोडायला अनोळखी वेबसाइटवर चढवू नका, ही कळकळीची विनंती. पीडीएफसॅम बेसिक हे मोफत साधन पीडीएफ आपल्याच मशीनवर जोडतं आणि तोडतं. पोर्टलला फाइल मोठी वाटली तर स्कॅनच १५० डीपीआय आणि ग्रे-स्केलमध्ये घ्या.

ए-५०३: विंडोजवरच राहणाऱ्यांसाठी: लिब्रेऑफिस, व्हीएलसी (व्हिडिओसाठी), सेव्हन-झिप (झिप फाइलींसाठी), फायरफॉक्स आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन (जाहिराती अडवणारं). पुष्कळ झालं. पण उतरवताना गूगलच्या शोधात सर्वात वर 'प्रायोजित' लिहिलेला दुवा येतो तो सोडा. हुबेहूब दिसणारी नकली पानं तिथे असतात. पत्ता स्वतः टाइप करा, लिब्रेऑफिस डॉट ऑर्ग, व्हीएलसीसाठी व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग असा.

सी-२०१: कळलं. आधी इतिवृत्तांच्या पीडीएफ, मग पेनड्राइव्ह. प्रिंटर एचपी १०२० आहे.

ए-५०३: मग पेनड्राइव्हवरून मिंट चालू असतानाच प्लगइन उतरवून एक पान छापून बघा. छापलं तर एसएसडी आणा. जुनी हार्ड डिस्क पुसू नका, काढून कपाटात ठेवा, तोच बॅकअप.