आप्पांचे मेमरी टेस्टचे मार्क वाढले, पण खरंच फरक आहे का? मदत हवी आहे
नमस्कार मंडळी, आम्ही अमळनेरकडचे. आप्पांची एमएमएसई टेस्ट (स्मरणशक्ती आणि विचारशक्ती तपासायची प्रश्नांची टेस्ट) मार्चमध्ये झाली तेव्हा ३० पैकी २१ आले, आता सप्टेंबरमध्ये परत केली तर २३. घरात सगळे खुश, पण मला पटत नाहीये, कारण परवाच शेतातली मोटर चालू ठेवून घरी आले आणि विचारलं तर आठवेचना. दोन्ही वेळी तेच तीन शब्द लक्षात ठेवा, तेच १०० मधून ७ वजा करत जा, मग सरावानेच मार्क वाढणार ना? त्यात आप्पा चौथी शिकलेले, घरात अहिराणी आणि प्रश्न पुस्तकी मराठीत. मोका नावाच्या अशाच दुसऱ्या टेस्टचे प्रश्नांचे वेगवेगळे संच असतात, दुसऱ्यांदा दुसरा संच वापरता येतो. जळगाव-धुळ्याकडे अहिराणी समजणारं कोणी अशी टेस्ट करतं का? किती महिन्यांनी परत करायची? प्लीज सांगा, आप्पांची फार काळजी वाटते.