मदत हवी आहे: ऑर्केस्ट्रासोबत लाइव्ह अल्बम, पण व्हायोलिनच्या माइकमध्ये नुसते ड्रम्स

नमस्कार मंडळी,

आमचा पाच जणांचा रॉक बँड. सिम्फनी ऑर्केस्ट्रासोबत कार्यक्रम ठरलाय आणि त्याचाच लाइव्ह अल्बम काढायचाय. नोटेशन तयार आहे, कंडक्टरही खूश आहेत. घोडं अडलंय रेकॉर्डिंगवर. एकत्र तालमीचे ट्रॅक ऐकले तर व्हायोलिनच्या माइकमध्ये स्नेअर आणि झांजाच जास्त. व्हायोलिनचा फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) वर केला की झांजाही वर चढतात, खाली घेतला की ऑर्केस्ट्रा असून नसल्यासारखा.

मेटॅलिकाचं सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीसोबतचं 1999 चं रेकॉर्डिंग ऐकतो तेव्हा इतक्या गिटारांमधूनही तंतुवाद्यं कशी वर येतात, याचं नवल वाटतं. ड्रम्सभोवती पारदर्शक पडदा लावावा का? क्लिक (कानात वाजणारी तालाची टिकटिक) फक्त ड्रमरला द्यावा की कंडक्टरलाही?

आणखी एक भानगड. आम्ही गिटार अर्धा सूर उतरवून लावतो. ऑर्केस्ट्रावाले कुरकुरताहेत.

(‘नंतर स्टुडिओत व्हायोलिन परत वाजवून घ्या’ हा सल्ला कृपया नको. तसंच करायचं तर एवढी माणसं स्टेजवर कशाला बसवायची?)

प्रतिसाद १
आधी स्टेजवरचा आवाज कमी करा, मिक्सिंगचं नंतर बघू. जमिनीवरचे मॉनिटर (वादकांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेले स्पीकर) काढून सगळ्यांना कानात घालायचे इन-इअर द्या, गिटारचे अँप विंगेत न्या. व्हायोलिन-चेलोला वाद्यावरच बसणारे क्लिप माइक लावा. वर टांगलेले माइक ठेवा, पण ते शांत जागांसाठी. पडदा जरूर लावा, फक्त फ्रेंच हॉर्नच्या पाठीमागे नको. त्या वाद्याचं तोंड मागे असतं, आवाज पडद्यावर आपटून परत येतो.

क्लिक कंडक्टरला हवाच. ध्वनी सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे 15 मीटरवर बसलेल्या वादकाला तुमचा ड्रम सुमारे 44 मिलिसेकंद उशिरा पोचतो. त्याने ड्रम ऐकून वाजवलं तर तो मागेच राहणार. त्याने कंडक्टरच्या हाताकडे बघावं.

प्रतिसाद २
कुरकुर रास्त आहे हो! तुमचं ई मायनर त्यांच्या कागदावर ई फ्लॅट मायनर होतं, सहा फ्लॅटचं, म्हणजे सहा उतरवलेल्या सुरांचं. व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारांपैकी एकही त्या स्केलमध्ये बसत नाही आणि मोकळ्या तारांचा झंकार गेला की आवाज दबतो. गायकाला झेपत असेल तर गिटार नेहमीच्या सुरात आणा. ऑर्केस्ट्रा ए हा सूर 440 हर्ट्झला लावतो की 442 ला, तेही विचारून घ्या. फरक जेमतेम आठ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग), पण लांबवलेल्या सुरांत खटकतो.

प्रतिसाद ३
माझ्या मते खरा घोळ नोटेशनमध्ये असावा. जॉन लॉर्डने डीप पर्पल आणि रॉयल फिलहार्मोनिकसाठी जी रचना केली (1969, रॉयल अल्बर्ट हॉल), तिच्या पहिल्या भागात बँड आणि ऑर्केस्ट्रा बराच वेळ आलटूनपालटून वाजतात. तुमच्याकडे कोरसमध्ये सगळेच एकदम वाजत असतील, तर कुठलाही माइक काय करणार? डिस्टॉर्शनवाली गिटार आणि व्हिओला एकाच उंचीच्या सुरांत भांडत असतील तर एकाला गप्प बसवा.

आणि जमलं तर दोन प्रयोग ठेवा. मेटॅलिकानेही 21 आणि 22 एप्रिल अशा दोन रात्री वाजवलं होतं.

धागाकर्ता
धन्यवाद! व्हिओलाचं अगदी बरोबर, तिसऱ्या गाण्यात तेच होतंय. गिटारिस्टला गप्प बसायला कोण सांगणार, हा वेगळा धागा काढावा लागेल. बासरी आणि ओबोला क्लिप माइक चालतात का, की स्टँडवरचेच बरे?