डॉर्सेटमधले शनिवार-रविवार: गुडघे सांभाळून कुठे जावे?

व्याडेश्वर_आळी (गुहागर):
आमचा मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील डॉर्सेट काउंटीत, डॉर्चेस्टर येथे राहतो. जून ते ऑगस्ट, म्हणजे इथे पावसाची झड लागलेली असताना, आम्ही उभयता त्याच्याकडे असू. त्याला सुट्टी फक्त शनिवार-रविवारची असते. लंडन पाहून झाले आहे आणि त्या गर्दीत पुन्हा शिरण्याची इच्छा नाही. सकाळी डबा घेऊन निघावे आणि रात्री जेवायला घरी परतावे, अशी ठिकाणे कोणी सुचवील का? यजमानांना सपाटीवर चालता येते, चढ-उतार मात्र सोसत नाही. शिवाय जन्म समुद्राकाठी गेलेल्या माणसाने आणखी समुद्र पाहायला एवढ्या लांब कशाला जायचे, असेही ते विचारतात.

हर्णैचा_मचवा:
ताई, यजमानांची शंका रास्त आहे. वाळू पाहण्यासाठी गुहागरहून कोणी डॉर्सेटला जाऊ नये. तिथे जायचे ते कडे पाहायला. डेव्हनमधील एक्समथपासून डॉर्सेटमधील स्टडलंडपर्यंतचा सुमारे 155 किलोमीटरचा किनारा 2001 साली जागतिक वारसा ठरला, तो त्या कड्यांमध्ये सुमारे 18.5 कोटी वर्षांचे थर ओळीने उघडे पडले आहेत म्हणून. आपल्या जांभ्यात आणि काळ्या कातळात जे शोधूनही मिळत नाही, ते लाइम रीजिस आणि चार्मथ यांच्यामधल्या किनाऱ्यावर गोट्यांत वाकून पाहिले की हाताला लागते: शंखासारखी वेटोळी असलेले अमोनाइट, म्हणजे प्राचीन सागरी जीवांचे जीवाश्म. सुटे पडलेले उचलण्यास हरकत नसते, कड्याला हातोडा मात्र लावू नये. भावासोबत इक्थिओसॉरचा (प्राचीन सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचा) सांगाडा शोधून काढणारी मेरी ॲनिंग (1799–1847) लाइमचीच. तिचे घर जिथे होते, त्याच जागेवर आज गावाचे वस्तुसंग्रहालय आहे. पाऊस आलाच तर तिथे वेळ चांगला जातो.

दिवस ठरवताना मात्र हवामानाच्या आधी भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे. भरतीचे पाणी तिथे थेट कड्याच्या पायथ्याला भिडते आणि परतीची वाट बंद होते. शिवाय कडे ठिसूळ असल्यामुळे पावसानंतर दरडी येतात. हे हर्णै-पाजपंढरीत कोणाला सांगावे लागत नाही, पण मुलगा जर शहरात राहून विसरला असेल तर त्याला जरूर सांगा. ओहोटी लागलेली असताना उतरावे आणि पाणी फिरण्याआधी मागे यावे. उधाणाच्या दिवसांत ओहोटीला पाणी सर्वांत खाली जाते, तेव्हा अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचा शनिवार मिळाला तर सोडू नका. चार्मथला वाहनतळ किनाऱ्यालगतच असल्याने यजमानांना फार चालावे लागणार नाही.

मालवणी_माणूस:
वरील सल्ल्याशी सहमत. त्यात चेझिल बीचची भर घालतो, कारण तसा किनारा आपल्याकडे नाही. सुमारे 29 किलोमीटर लांबीचा हा नुसत्या गोट्यांचा बांध आहे. वेस्ट बेकडच्या टोकाला गोटे वाटाण्याएवढे असतात आणि पोर्टलंडकडे जाता जाता ते बटाट्याएवढे होतात. रात्री किनाऱ्याला लागलेला मच्छीमार हातातल्या गोट्यावरून आपण कुठे आहोत हे ओळखत असे, असे तिकडचे लोक सांगतात. पाण्यात मात्र उतरू नये, कारण किनारा एकदम खोल होतो आणि ओढ भयंकर असते. गोटे घरी आणण्यासही मनाई आहे.

डर्डल डोअरची नैसर्गिक कमान सगळे सुचवतील, पण तिथल्या तीव्र उतारावरून आणि पायऱ्यांवरून यजमानांना नेऊ नका. जवळचे ललवर्थ कोव्ह (छोटा उपसागर) त्या मानाने सोपे आहे. त्याच भागात टाइनहॅम हे ओस पडलेले गाव आहे. लष्कराने सरावासाठी ते 1943 साली रिकामे करून घेतले आणि रहिवाशांना पुन्हा परतू दिले नाही. शाळेच्या वर्गात बाकांवर वह्या आजही मांडून ठेवलेल्या दिसतात. हा भाग अजून लष्कराच्या गोळीबाराचा असल्यामुळे तो बहुतेक शनिवार-रविवारीच उघडा असतो, म्हणजे तुमच्या सोयीचेच झाले. तरी निघण्यापूर्वी तारखा तपासाव्यात.

व्याडेश्वर_आळी (गुहागर):
दोघांचेही आभार. यजमानांना रेल्वेचे फार वेड आहे. अजिबात चालावे लागणार नाही, असा एखादा दिवस आखता येईल का?

देवगडची_माहेरवाशीण:
काकू, मग स्वॉनेज रेल्वेने जा. ही शाखा 1972 साली बंद झाली होती, पुढे स्वयंसेवकांनी खपून ती पुन्हा उभी केली. नॉर्डनला गाडी ठेवून वाफेच्या इंजिनाच्या गाडीत बसावे आणि सरळ समुद्रकाठच्या स्वॉनेजला उतरावे. वाटेत कॉर्फ कासल लागतो. हा किल्ला 1646 साली, इंग्लंडमधील राजा विरुद्ध संसद या यादवी युद्धात, संसदेच्या सैन्याने सुरुंग लावून उडवला आणि त्याचे कललेले बुरूज आजही तसेच उभे आहेत. वर चढण आहे, पण स्थानकावरूनही तो उत्तम दिसतो. काकांना फलाटावर बसवून तुम्ही मायलेक वर जाऊन येऊ शकता. डबा मात्र डब्यातच, म्हणजे गाडीतच संपवा. स्वॉनेजच्या किनाऱ्यावर थालीपीठ उघडून बसलात तर समुद्रपक्षी हातातला घास नेतात, आणि ते हाकलूनही जात नाहीत.