प्रति: चालण्याने स्मरणशक्ती टिकते का?
स्मरणशक्ती टिकवायला 'रोज चाललं की झालं' असं वर कुणी म्हटलंय, ते मला अर्धंच पटतं, कारण त्यात वेगाचा मुद्दा राहिलाय. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२० ज्येष्ठांपैकी निम्मे आठवड्यातून तीनदा चालत: सुरुवात १० मिनिटं, मग दर आठवड्याला ५ वाढवत ४० पर्यंत, तेही हृदयाचे ठोके वाढतील अशा वेगाने. वर्षभरात त्यांचा हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणींचा भाग) सुमारे २ टक्के वाढला, उरलेल्या, नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा घटला. स्मरणचाचणीत मात्र दोन्ही गट सुधारले, हेही सांगायलाच हवं.

वेग ओळखायची खूण: चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. बीटा ब्लॉकर (रक्तदाब, हृदयविकारावरची गोळी) चालू असेल तर स्मार्ट घड्याळात दिसणाऱ्या ठोक्यांवर अजिबात विसंबू नका. त्या गोळीने ठोके फारसे चढतच नाहीत, आणि आकडा गाठायच्या नादात माणूस झेपेल त्याहून जास्त चालतो.