28 व्या वर्षी एमबीबीएसची तयारी, बारावी कॉमर्स आहे. कुणी केलंय का?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. वय 28, सांगली जिल्हा, दहावी-बारावी स्टेट बोर्ड, बारावी कॉमर्स, मग बीकॉम आणि आता सहा वर्षं एका पतसंस्थेत कर्ज विभागात आहे. आईचं डायलिसिस अडीच वर्षं चाललं, आठवड्यातून तीनदा, दरवेळी चार तास, आणि सोबत बहुतेक वेळा मीच असायचो. तिथे बसून बसून टेक्निशियनला विचारायचो की पोटॅशियम वाढलं तर हृदयाला काय होतं, पाणी मोजून का द्यायचं, आणि घरी येऊन मोबाईलवर वाचत बसायचो. आई मागच्या वर्षी गेली. डोक्यात डॉक्टर व्हायचं तेव्हापासून आहे, दुःखाच्या भरात नको म्हणून वर्षभर गप्प बसलो पण जात नाहीये. बायको शिक्षिका आहे, तिचा पाठिंबा आहे. वयाची अट आहे का, बारावी परत करता येते का, आणि माझ्यासारख्याला फिजिक्स झेपेल का, एवढंच विचारायचंय. दहावीनंतर सायन्सचं एक पान उघडलेलं नाही.

ॲप्रन_उशिरा:
तुझ्याच वयाच्या आसपासचा आहे म्हणून अरे-तुरे करतो. मीपण कॉमर्सवाला, आता सरकारी कॉलेजात सेकंड इयरला आहे.

वयाचं टेन्शन काढून टाक. पूर्वी ओपनला 25 आणि राखीव गटाला 30 अशी मर्यादा होती, 2022 मध्ये ती काढली. आता फक्त कमीत कमी 17 पूर्ण लागतात. खरी अडचण बारावीची आहे, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे चारही विषय पास पाहिजेत आणि पीसीबीला म्हणजे यातल्या पहिल्या तीन विषयांना मिळून ओपनला 50 टक्के, राखीवला 40. मी एनआयओएसमधून म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून पूर्ण बारावी नव्याने दिली. नोव्हेंबर 2023 च्या एनएमसीच्या म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोटिशीनंतर बारावी झाल्यावर जादा विषय म्हणून बायोलॉजी घेतलेलेही पात्र धरतात, पण तुझे तिन्ही विषय नाहीत, त्यामुळे एकच स्वच्छ मार्कशीट असलेली बरी असं माझं मत. काउन्सेलिंगच्या म्हणजे प्रवेशफेरीच्या टेबलावर कागद समजावत बसायला लागू नये. आणि हे नीट वाच, अभ्यास केंद्र महाराष्ट्रातलंच घे. राज्याच्या 85 टक्के कोट्यात बसायला डोमिसाइलसोबत दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली बघतात, माझ्या ओळखीतल्या एकाने सोय म्हणून बेळगावचं केंद्र घेतलं आणि शेवटी नुसत्या 15 टक्के ऑल इंडियावर अवलंबून राहिला.

आता फिजिक्स. मी पहिले चार महिने चुकीचे घालवले, थेट क्लासची लेक्चर्स लावली आणि काहीच कळेना. अडत होतं ते गणित, फिजिक्स नव्हतंच. साइन-कॉस, लॉग, व्हेक्टर, ग्राफचा उतार, डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशनचं अगदी प्राथमिक, एवढं आधी दोन महिने कर, त्याशिवाय पहिलं पुस्तक उघडूच नको. केमिस्ट्रीत मोल कन्सेप्ट पक्का झाला की निम्मी भीती जाते. बायोलॉजी मात्र आपल्यासारख्याला तारते, नीट (NEET) म्हणजे एमबीबीएसच्या प्रवेश परीक्षेत 180 पैकी 90 प्रश्न त्याचेच, 720 पैकी 360 मार्क, आणि एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पाठ्यपुस्तकं ओळ न् ओळ वाचली तर गणित न येणारा माणूससुद्धा तिथे उभा राहतो. मी ती दोन्ही पुस्तकं नऊ वेळा वाचली, खरंच नऊ, आतल्या कव्हरवर रेघा मारून ठेवल्यात. पेपर मराठीत देता येतो पण तू इंग्रजीतच दे, पुढे सगळं इंग्रजीतच आहे, आणि भाषांतरात घोळ झाला तर इंग्रजी प्रश्नच ग्राह्य धरतात.

मला दोन अटेम्प्ट लागले. नोकरी पहिल्या वर्षी सोडली नाही, दुसऱ्या वर्षी सोडली.

डॉक्टरकाकू_सातारा:
आईबद्दल वाचून वाईट वाटलं. मी 26 वर्षं तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करते, तुम्हाला नाउमेद करायचं नाहीये, पण वर्षं कागदावर मांडा आणि घरात दोघांनी बसून बघा. तयारीची दोन धरली तर ॲडमिशनला तुम्ही 30 चे, साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप म्हणजे 36 च्या उंबरठ्यावर, मग सरकारी सीट असेल तर एक वर्ष बॉण्ड, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा. किडनीचा डॉक्टर व्हायचं मनात असेल तर एमडी मेडिसिनची तीन आणि त्यावर डीएमची म्हणजे किडनीच्या खास शिक्षणाची तीन, दोन्हीला परत प्रवेश परीक्षा. नुसतं एमबीबीएस करून गावात बसलात तरी ते मोठं काम आहे, माझ्याकडे बीपी-शुगरच्या गोळ्या मध्येच सोडलेले पेशंट रोज येतात, किडनी तिथूनच जायला लागते. तुमच्यासारखा माणूस त्या टप्प्यावर हवाय.

आणि एक वेगळा रस्ता सांगते, राग मानू नका. जीएनएम नर्सिंगला बारावी कॉमर्स चालते, तीन वर्षांचा कोर्स, आणि डायलिसिस युनिटमध्ये पेशंटजवळ सगळ्यात जास्त वेळ नर्सच असते. तुम्हाला पेशंटजवळ थांबायचंय की निदान आणि उपचार ठरवायचेत, हे आधी स्वतःला विचारा.

घाटावरचा:
एकच सांगायला आलोय, आता तू चौकशी सुरू केलीस की फोन येतील, "नीट नको, परदेशात डायरेक्ट सीट" वगैरे. माझ्या धाकट्या भावासाठी आम्ही एका एजंटला दीड लाख टोकन देऊन बसलो, ते गेलेच. बाहेर शिकून भारतात प्रॅक्टिस करायची तरी नीट क्वालिफाय व्हावंच लागतं, परत आल्यावर स्क्रीनिंग परीक्षा वेगळीच. आणि मार्कांवरून अंदाज बांधू नको, रँक बघ. 2024 ला 720 पैकी 720 वाले डझनभराहून जास्त होते आणि 2025 ला पहिला आलेला 686 वर होता, कारण फिजिक्स अवघड आला.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, तुमचा प्रश्न काल रात्री बायकोसोबत दोन तास चालला. उत्तर हेच आलं की मला निदान आणि उपचार ठरवायचेत. तिथे बसून दर वेळी वाटायचं की हे आधी कुणी थांबवलं असतं तर. आईचं बीपी आठ वर्षं होतं आणि गोळ्या ती "बरं वाटतंय" म्हणून बंद करायची, तुम्ही लिहिलंत ते अगदी तेच. एनआयओएसचा फॉर्म बघितला, मिरज-सांगलीतलं केंद्र शोधतो. नोकरी तूर्त चालू. ॲप्रन, प्रॅक्टिकलचं काय केलंस? मी बुन्सेन बर्नर लांबूनसुद्धा बघितलेला नाही.

ॲप्रन_उशिरा:
प्रॅक्टिकल अभ्यास केंद्रावरच होतात, ती चुकवू नको, थिअरीला 80 आणि प्रॅक्टिकलला 20 असतात. माझ्या केंद्रावर सॉल्ट ॲनालिसिस एकदाच दाखवलं म्हणून मी जवळच्या ज्युनिअर कॉलेजच्या लॅब असिस्टंट काकांना भेटलो, त्यांनी परवानगी काढून शनिवारी दुपारी उभं राहून शिकवलं, एक रुपया घेतला नाही. तूही असं कुणीतरी गाठ. आणि मॉक टेस्ट सुरू करशील तेव्हा रविवारी दुपारी 2 ते 5 लाच दे, खरा पेपर त्याच वेळेला असतो आणि जेवणानंतर झोप येते. गणिताचे दोन महिने आजपासून मोज, अडलास की इथेच टाक, मी रात्री साडेनऊनंतर असतो.