मदत हवी आहे: फेरीबोट आणि बस, दोन्हीत चालेल अशी हलकी बाबागाडी

मुलगी २० महिन्यांची, वजन ११ किलो. आठवड्यातून चार दिवस तिला चोडणहून फेरीने रायबंदर आणि तिथून बसने पणजीला आजीकडे सोडते. सोबत कोणी नसतं, त्यामुळे गाडी एका हाताने मिटायलाच हवी.

घरातली जुनी बाबागाडी साडेदहा किलोची. ती बघूनच कंडक्टरचा चेहरा पडतो. शेजारणीची छत्रीसारखी मिटणारी ५ किलोची आठवडाभर वापरून पाहिली. उचलायला छान, पण पुढची चाकं एवढीशी की फेरीच्या रॅम्पवर आणि फुटपाथच्या फटींत अडकतात. शिवाय दांड्याला पिशवी अडकवून मुलीला उचललं की गाडी मागे उलटलीच! बेबी कॅरियर सुचवू नका, मे महिन्यात दोघी घामाने चिंब झालो होतो.

बजेट ८ हजार, वजन ७ किलोपर्यंत चालेल. पाठ थोडी मागे झुकावी, परतताना ती झोपतेच. खांद्यांवरून येणारा पट्टा हवाच.

रोज असा प्रवास करणाऱ्यांनी सांगा: पुस्तकासारखी मिटणारी घेतली तर एवढ्या वजनात मोठी चाकं मिळतात का? आणि आपल्या पावसाळ्यात तिच्या बिजागऱ्या गंजून अडकायला लागल्या का?