पावसाळी ट्रेकसाठी चाकू: ‘सर्व्हायव्हल’वाला घ्यावा की साधा?

करवीर_भटक्या:
जुलैत पन्हाळा–पावनखिंड करायचंय. ऑनलाइन सगळीकडे काळ्या कोटिंगचे, पाठीला करवतीचे दात, पोकळ मुठीत होकायंत्र आणि काड्या भरलेले चाकू दिसतात. डमास्कसचीही (थरांचं, लाटांसारखी नक्षी असलेलं पोलाद) लाट आलीय. लोहाराकडून कमानपाट्याचा (गाडीच्या स्प्रिंगची पट्टी) करून घेतला तर? नक्की काय बघून ठरवावं?

धार_आणि_पाठ:
पोकळ मुठीचा आधी बाद कर भावा. त्यात पातं मुठीच्या तोंडाशीच संपतं आणि सगळा भार एका बोल्टवर नाहीतर वेल्डवर येतो. लाकडात रुतलेलं पातं आडवं हलवलं की नेमकं तिथंच तुटतं. पोलाद मुठीत खोलवर गेलेलं पाहिजे, शेवटापर्यंत गेलं असेल तर उत्तमच.

पाठीचे दात नुसते दिखाऊ. खऱ्या करवतीचे दात एक डावीकडे, एक उजवीकडे वाकवलेले असतात, म्हणून खाच पात्यापेक्षा रुंद पडते. इथं दात सरळ, त्यामुळं पातं खाचेत अडकून बसतं. वर पाठीवर अंगठा ठेवता येत नाही ते वेगळंच.

पातं ४ इंच, जाडी अडीच ते तीन मिमी, स्टेनलेस. मोरा कंपनीचा कंपॅनियन स्टेनलेस हा चाकू याच मापात बसतो. ५-६ मिमीचा घेतलास तर कांदा चिरण्याऐवजी फुटेल. ओपिनेलचा घडीचा चाकू कोरड्या दिवसांत झकास, पण आपल्या पावसात त्याची लाकडी मूठ फुगते आणि मिटलेलं पातं बाहेर निघत नाही.

डमास्कसचं म्हणशील तर पॉलिश पेपर मारल्यावर खरी-खोटी दोन्ही नक्षी जाते. अ‍ॅसिडमध्ये परत बुडवल्यावर उमटते ती खऱ्याचीच. आणि खरं डमास्कस बहुतेक कार्बन पोलादाचं, म्हणजे पावसात गंज ठरलेला.

ऐरण_हातोडा:
कमानपाट्याचं पोलाद चांगलंच असतं, पण जुना पाटा घेऊ नकोस. वर्षानुवर्षं भार सोसून त्यात डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा पडलेल्या असतात आणि पाणी देताना, म्हणजे तापवून झटक्यात थंड करून कडक करताना, त्या उघडतात. नवीन पाट्याचा तुकडा आण.

घासून ३ मिमीपर्यंत उतरवायला सांग, नाहीतर कोयताच हातात येईल. ताव किती, म्हणजे किती तापवायचं? लोहचुंबक चिकटायचं थांबलं की त्याच्या थोडं वर. मग कोमट तेलात बुडवायचं. साध्या पाण्यात बुडवलं तर पातळ पातं तडकतं. तेलातून काढल्यावर कानस मारून बघ, ती घसरली पाहिजे, चावली तर पातं मऊ राहिलंय. त्यानंतर लगेच २०० अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये दोन-दोन तास, दोनदा. ही पायरी बहुतेक ठिकाणी गाळतात, म्हणून टोक काचेसारखं उडतं.

गंजू नये म्हणून खोबरेल लाव. करडई किंवा सूर्यफुलाचं तेल वाळून चिकट होतं.

घाटमाथा_नोंद:
कायद्याचंही बघ. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्र नियमांत येतं, घरगुती आणि शेतीची अवजारं वगळून. पोलिसांचा मनाई आदेश लागू असेल तर लहान चाकूही अडचणीत आणतो. आणि राधानगरी-दाजीपूरला जाणार असशील तर चाकू घरीच ठेव. वन्यजीव अधिनियम १९७२ च्या व्याख्येत चाकूही शस्त्रच आहे आणि लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही.

करवीर_भटक्या:
मोरा ठरला. धार कशी लावायची? आणि चामड्याचं म्यान करून घेऊ का?

धार_आणि_पाठ:
म्यान नको. चामडं ओल धरून ठेवतं, रात्रभरात पात्यावर ठिपके येतात. सोबत येतं ते प्लॅस्टिकचंच वापर.

चामडं धारेला लागेल. कोल्हापुरात चप्पल लाईनला (चपलांच्या दुकानांची गल्ली) कोल्हापुरी चपलेच्या चामड्याचं कातरण माग, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं. १० इंच लांब, २ इंच रुंद पट्टी लाकडी फळीवर चिकटव आणि हिरवं पॉलिश (धार चकचकीत करायची घट्ट पेस्ट) चोळ.

आधी १००० ग्रिटचा (दाण्याच्या बारीकपणाचा आकडा) दगड. मोराच्या धारेचा रुंद उतार दगडावर पूर्ण टेकव, कोन आपोआप मिळतो. दुसऱ्या बाजूला बारीक कड वळून नखाला अडकेपर्यंत घास, मग बाजू बदल. शेवटी चामड्यावर पाठ पुढे ठेवून दोन्हीकडून वीस-वीस वेळा ओढ. धार पुढे ठेवलीस तर पट्टीच कापली जाईल.